बॉयलरच्या राखेपासून झिओलाइट: सांडपाण्यासाठी कसे करावे आणि कसे पारखावे

नवी मुंबईतल्या महापे, पावणे, रबाळे या औद्योगिक पट्ट्यात किंवा तळोज्याला कोळशाच्या बॉयलरमागे गेले, की ताडपत्रीखाली रचलेल्या राखेच्या गोण्या हमखास दिसतात. त्याच आवाराच्या दुसऱ्या टोकाला ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा विभाग, असतो आणि तिथे बसलेल्या माणसाला वेगळीच काळजी असते: चुना घालून, गाळ बसवून, सगळे सोपस्कार करूनही जस्ताचा, निकेलचा किंवा अमोनियाचा शेवटचा थोडासा अंश पाण्यातून निघत नाही. आवारातली ही दोन टोके एकमेकांना जोडता येतात. राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना गरम कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) विरघळवून त्यांच्यापासूनच झिओलाइट हे सच्छिद्र खनिज बनवता येते, आणि हे खनिज पाण्यातील धातूंचे व अमोनियमचे आयन धरून ठेवून त्यांच्या बदल्यात सोडियम सोडते.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ईटीपींच्या प्रयोगशाळेत काम करताना मी हे खनिज अनेकदा केले आहे, आणि ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ इथल्या महाविद्यालयांतील मुले प्रकल्पासाठी राखेची पिशवी घेऊन येतात तेव्हा त्यांच्याकडून करूनही घेतले आहे. करण्याची रीत एका दिवसात शिकता येते. ते खरोखर झाले का, पाणी खरोखर त्यानेच स्वच्छ केले का आणि हे करताना आपण नवेच सांडपाणी तर निर्माण केले नाही ना, हे तपासायला मात्र आठवडे लागतात. म्हणून या लेखात कृतीपेक्षा पारखीला जास्त जागा दिली आहे.

राखेतून खनिज का होते

सह्याद्रीच्या काळ्या कातळात पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे, गुलाबीसर स्फटिक सापडतात. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींतील स्टिलबाइट आणि ह्यूलंडाइट जगभरच्या संग्रहालयांत पोचले आहेत, आणि ही दोन्ही झिओलाइटेच आहेत. लाव्हा थिजल्यानंतर त्याच्या फटींतून अल्कधर्मी गरम पाणी फिरत राहिले, त्याने खडकातील काचेसारखा भाग हळूहळू विरघळवला आणि पोकळीत नवे स्फटिक वाढले. स्वीडनच्या क्रोनस्टेटने १७५६ साली असा एक दगड तापवला तेव्हा त्यातून वाफ उसळली, म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून त्याचे नाव ‘उकळणारा दगड’ असे ठेवले. स्फटिकाच्या जाळीत अडकलेले पाणी बाहेर पडत होते, आणि त्या जाळीतील मोकळ्या जागाच आपल्या उपयोगाच्या आहेत.

वीज केंद्राच्या भट्टीत दळलेला कोळसा जळतो तेव्हा त्यातली माती वितळते आणि धुरासोबत वर जाताना झटकन थंड होऊन तिचे बारीक काचेचे गोळे होतात. हीच फ्लाय ॲश. म्हणजे निसर्गाने ज्वालामुखीच्या काचेपासून जे केले, तेच भट्टीतल्या काचेपासून भांड्यात करायचे. ही वाट १९८५ साली होलर आणि विर्शिंग या संशोधकांनी दाखवली. राखेतला काचेचा भागच कॉस्टिकमध्ये लवकर विरघळतो. क्वार्ट्‌झ आणि मुलाइट हे त्यातले स्फटिक दाद देत नाहीत, आणि शेवटच्या पावडरमध्ये ते थोडेफार उरतातच. शंभर टक्के झिओलाइट मिळाल्याचा दावा कोणी केला, तर त्याची एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारी चाचणी, बघायला मागावी.

राख कोणती घ्यावी

राखेची निवड चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. नवशिक्याने पहिल्यांदा वीज केंद्राच्या ईएसपी हॉपरमधील, म्हणजे धुरातली राख विजेने पकडणाऱ्या यंत्राखालच्या डब्यातील, कोरडी राखच घ्यावी. तयार काँक्रीट बनवणाऱ्या आरएमसी प्लांटला ती बल्करमधून (टँकरमधून) येते आणि ओळखीवर पाच-दहा किलो मिळायला अडचण येत नाही. तळ्यात सोडलेली राख घेऊ नये, कारण तिच्यात भट्टीच्या तळाशी पडणाऱ्या बॉटम ॲशचे जाड कण मिसळलेले असतात आणि पाण्यात राहून ती बदललेली असते. भारतीय कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर असतात आणि चुना कमी असतो, हे आपल्या पथ्यावर पडते.

कारखान्यातील लहान बॉयलरची राख वेगळी असते. जाळीवर कोळसा जळणाऱ्या बॉयलरचे तापमान सगळीकडे सारखे नसते. त्यामुळे काच कमी बनते आणि न जळलेला कोळसा जास्त उरतो. फ्लुइडाइज्ड बेडचा बॉयलर आणखी कमी तापमानावर चालतो, पण त्याच्या राखेतील भाजलेली माती कॉस्टिकमध्ये बऱ्यापैकी विरघळते, त्यामुळे ती वापरता येते. मात्र बेडमध्ये चुनखडी घालत असतील तर ती टाळावी. बगॅस (उसाची चिपाडे), भाताचा तूस किंवा ब्रिकेट जाळणाऱ्या बॉयलरच्या राखेत सिलिका खूप आणि ॲल्युमिना फारच थोडा असतो, म्हणून तिला बाहेरून सोडियम ॲल्युमिनेट द्यावे लागते. हा या लेखाचा विषय नाही. घातक कचरा जाळणाऱ्या इन्सिनरेटरच्या राखेला मात्र कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये.

राख हातात आल्यावर प्रथम तिचा रंग बघावा. फिकट करडी राख चांगली, काळपट राखेत कोळसा जास्त. डोळ्यांवर विसंबून न राहता ओव्हनमध्ये वाळवलेली एक ग्रॅम राख क्रुसिबलमध्ये घेऊन मफल भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवावी आणि वजनातली घट मोजावी. पाच टक्क्यांच्या आत घट असेल तर राख घ्यावी. घट जास्त असेल तर ती सगळी राख आधी त्याच तापमानावर भाजून घ्यावी, नाहीतर कोळशाचे कण पृष्ठभागावर तरंगतात, धुताना वाहून जातात आणि पावडरची क्षमता मोजताना हिशेब चुकवतात. मग राख २०० मेशच्या, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी. चाळलेली राख पाण्यात ढवळत असताना प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जाड चुंबक त्यात फिरवले, की लोखंडाचे काळे कण पिशवीला मिशांसारखे चिकटतात. पिशवी उलटी करून ते काढून टाकावेत. जमल्यास राखेचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे. सिलिका, ॲल्युमिना आणि लोह यांची बेरीज सत्तर टक्क्यांच्या वर आणि चुना दहा टक्क्यांच्या आत असेल, तर निर्धास्तपणे पुढे जावे.

कृती

सुरुवातीला शंभर ग्रॅमचाच घाणा करावा. एक लिटर डिस्टिल्ड पाणी स्टेनलेस स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात घ्यावे आणि त्यात ८० ग्रॅम कॉस्टिक सोड्याच्या फ्लेक्स चमच्या-चमच्याने टाकत ढवळावे. कॉस्टिक पाण्यात टाकावे, कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नये. एवढ्या प्रमाणातही पाण्याचे तापमान वीसेक अंशांनी चढते, आणि थोड्या पाण्यात जास्त कॉस्टिक पडले तर द्रावण उसळून अंगावर येते. गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि ॲप्रन घातल्याशिवाय हे काम करू नये, आणि राख चाळताना मास्क लावावा. डोळ्यात थेंब उडालाच तर किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा आणि मग दवाखाना गाठावा, म्हणून नळ हाताच्या अंतरावर असलाच पाहिजे. हे काम घरच्या स्वयंपाकघरात करण्याचे नाही.

भांड्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये. गरम कॉस्टिक ॲल्युमिनियम खाते, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि बंद ओव्हनमध्ये तो साठला तर स्फोट होऊ शकतो. काचेचा बीकर एखाद्या घाण्याला चालतो, पण गरम कॉस्टिकने काचही झिजते आणि तिची सिलिका आपल्या हिशेबात मिसळते. स्टेनलेस स्टील किंवा जाड पॉलीप्रॉपिलीनची बाटली हेच योग्य.

द्रावण तयार झाल्यावर त्यात शंभर ग्रॅम राख घालून, गाठी मोडून, दोन-तीन तास साध्या तापमानावर ढवळत ठेवावे. मग झाकण सैल बसवून भांडे ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा वॉटर बाथमध्ये चोवीस तास ठेवावे. भांड्यावर बाहेरून मार्कर पेनने पाण्याच्या पातळीची रेघ ओढावी आणि बाष्पीभवनाने पातळी उतरली तर गरम डिस्टिल्ड पाणी घालून ती परत रेघेवर आणावी. नाहीतर कॉस्टिकची तीव्रता नकळत वाढते. यांत्रिक ढवळणी असेल तर उत्तम. नसेल तर दिवसा दर दोन तासांनी हाताने ढवळावे. तेवढ्याने रात्रीची उणीव भरून निघते, असा माझा अनुभव आहे.

कॉस्टिकची तीव्रता, तापमान आणि वेळ यांवर कोणत्या जातीचे झिओलाइट होणार हे ठरते. लिटरला ८० ते १२० ग्रॅम कॉस्टिक आणि शंभर अंशांच्या आतले तापमान राखले, तर साधारणपणे पी-१ नावाची जात मिळते, आणि सांडपाण्यासाठी तीच हवी. ‘जास्त कडक द्रावण, जास्त चांगला माल’ असे समजून लिटरला दोनशे ग्रॅमच्या वर गेले, किंवा वेळ खूप लांबवला, तर पी-१ मोडून हायड्रॉक्सीसोडालाइट होते. त्याच्या जाळीची दारे इतकी अरुंद असतात की धातूचे आयन आत शिरत नाहीत. मुलांच्या प्रकल्पात ही चूक वारंवार दिसते.

राख आणि कॉस्टिक १ ला १.२ या प्रमाणात मिसळून ५५० अंशांवर तासभर वितळवण्याची दुसरी पद्धत आहे. तिने मोठ्या दारांची एक्स जात मिळते आणि क्षमताही जास्त येते. मात्र तिला निकेलचे क्रुसिबल, मफल भट्टी आणि भरपूर वीज लागते, म्हणून लहान ईटीपीसाठी मी ती सुचवत नाही.

धुणे, वाळवणे

चोवीस तासांनी भांडे कोमट होऊ द्यावे. गाळ आता मूळ राखेपेक्षा फिका आणि फुगीर दिसतो व सावकाश बसतो. वरचे द्रावण अलगद वेगळ्या कॅनमध्ये काढून ठेवावे, ते अजिबात फेकू नये. त्याचे काय करायचे ते पुढे येतेच आहे. मग गाळावर लिटरभर पाणी घालून ढवळावे, बसू द्यावे, वरचे पाणी ओतावे, आणि हेच पुन्हापुन्हा करावे. पहिल्या तीन-चार पाण्यांत पीएच पेपर गर्द निळाच येतो. सहाव्या-सातव्या पाण्याला तो उतरू लागतो. इथे कंटाळून थांबण्याचा मोह फार होतो. धुण्याच्या पाण्याचा पीएच ९ च्या खाली येईपर्यंत थांबू नये. अगदी नीट धुतलेले सोडियम झिओलाइटही पाण्याला थोडे अल्कधर्मी करतेच, म्हणून शेवटच्या पाण्यात अतिशय सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने घालून पीएच ७ च्या आसपास आणावा. मात्र तो ५ च्या खाली जाऊ देऊ नये. ॲल्युमिना जास्त असलेली ही जाळी ॲसिडमध्ये कोसळते, आणि चोवीस तासांची कमाई पाच मिनिटांत जाते.

धुतलेली पावडर १०५ अंशांवर रात्रभर वाळवून, खलात हलकेच मोडून, हवाबंद बरणीत ठेवावी. बरणीवर राख कुठली, घाणा कितवा, कॉस्टिक किती आणि तारीख हे लिहावे.

आधी पीएच, मग आनंद

माझ्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे. एका लहान प्लेटिंग कारखान्याचे धुण्याचे पाणी आमच्याकडे आले होते. त्यात जस्त होते. मी केलेली पावडर लिटरला दहा ग्रॅम घातली, तासभर ढवळली, गाळून पाणी तपासले, तर जस्त जवळपास शून्य. मी हरखून गेले आणि निकालाचा कागद घेऊन आमच्या ज्येष्ठ रसायनतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलेही नाही.

“अगं, पीएच बघितलास का?”

“नाही, सर.”

“मग आधी तो बघ.”

पीएच दहाच्या वर होता. मी पावडर चार पाण्यांतच धुवून थांबले होते. त्यांनी मला दुसरा बीकर घ्यायला लावला. त्यात तेच सांडपाणी होते, पावडर मात्र काहीच नव्हती, आणि मी कॉस्टिकचे थेंब घालून पीएच तेवढाच केला. पांढरा चोथा खाली बसला, आणि गाळलेल्या पाण्यात जस्त तितकेच कमी निघाले. जस्ताचे हायड्रॉक्साइड होऊन ते बसले होते. हे काम उरलेल्या कॉस्टिकने केले होते, झिओलाइटने नव्हे. मग त्यांनी पहिल्या बीकरमधला गाळ घेऊन त्यावर थोडे सौम्य ॲसिड घालायला सांगितले, आणि ‘काढलेले’ जस्त पाण्यात परत आले. त्या दिवसापासून नियंत्रण बीकर लावल्याशिवाय मी एकही जार टेस्ट, म्हणजे बीकरमधली लहान चाचणी, केलेली नाही.

म्हणून जार टेस्ट अशी लावावी. एका बीकरमध्ये सांडपाणी आणि झिओलाइट, दुसऱ्यात सांडपाणी आणि तेवढीच कच्ची राख, तिसऱ्यात फक्त सांडपाणी, ज्याचा पीएच कॉस्टिकने पहिल्या बीकरच्या शेवटच्या पीएचइतका आणलेला असेल. तिन्ही तासभर सारख्या वेगाने ढवळून, गाळून, तपासावेत. पहिल्या आणि तिसऱ्या बीकरमधला फरक हीच झिओलाइटची खरी कमाई. ढवळताना पीएच सतत बघत राहून तो जस्त-निकेलसाठी ६ ते ६.५ आणि शिशासाठी ५ च्या आसपास ठेवला, तर धातू हायड्रॉक्साइड होऊन बसत नाही आणि जे कमी होते ते आयन-बदलानेच होते, याची खात्री राहते. कच्च्या राखेचा बीकरही वगळू नये. चुना जास्त असलेली राख धातूंचा चोथा करते आणि न जळलेला कोळसा असलेली राख रंग शोषते, त्यामुळे काही वेळा कच्ची राखच पुरेशी ठरते. तसे असेल तर झिओलाइट करण्याचा खटाटोप कशाला करायचा?

क्षमता मोजणे

पावडरची आयन-बदल क्षमता मोजायला अमोनियम क्लोराइड पुरते. लिटरला ५०० मिलिग्रॅम अमोनियम असलेले २०० मिलिलिटर द्रावण घेऊन त्यात एक ग्रॅम पावडर घालावी, पीएच ७ वर ठेवून तीन-चार तास ढवळावे, गाळावे आणि उरलेले अमोनियम मोजावे. समजा, ते ४१० वर आले. म्हणजे लिटरमागे ९० मिलिग्रॅम, आणि आपल्या २०० मिलिलिटरमागे १८ मिलिग्रॅम अमोनियम पावडरने घेतले. ही क्षमता मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनांचा विद्युतभार मोजण्याच्या एककात सांगतात, आणि अमोनियमचा एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे १८ मिलिग्रॅम. तेव्हा आपल्या पावडरची क्षमता ग्रॅमला एक, अर्थात शंभर ग्रॅमला १०० मिलिइक्विव्हॅलंट झाली. कच्च्या राखेची क्षमता जेमतेम काही मिलिइक्विव्हॅलंट असते, आणि चांगल्या घाण्याची शंभरच्या वर, कधी दोनशेपर्यंतही जाते. इथेही पीएचची तीच गोम आहे. तो ९ च्या पुढे गेला की अमोनियम वायुरूप अमोनिया होऊन उडून जातो आणि त्याचे श्रेय पावडरला मिळते. बीकरवर वाकल्यावर नाक झोंबले, तर ते वाचन बाद समजावे.

स्फटिकाची जात ओळखायला एक्सआरडी करून घ्यावी. पवईच्या आयआयटीत बाहेरच्या नमुन्यांची तपासणी शुल्क भरून होते. तांब्याच्या ट्यूबवर काढलेल्या आलेखात १२.५, १७.७, २१.७, २८.१ आणि ३३.४ अंशांपाशी शिखरे आली तर ती पी-१. चौदा आणि साडेचोवीस अंशांपाशी ठळक शिखरे दिसली तर ते सोडालाइट आहे, म्हणजे कॉस्टिक जास्त झाले. साडेसव्वीसचे उंच शिखर क्वार्ट्‌झचे, ते राहणारच.

आता या क्षमतेचा सांडपाण्याशी हिशेब घालावा. पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम अमोनियम असेल तर ते २.२ मिलिइक्विव्हॅलंट झाले. म्हणजे वरच्या पावडरने ते सगळे काढायला कागदावर लिटरला २.२ ग्रॅम आणि हजार लिटरला २.२ किलो पावडर लागेल, प्रत्यक्षात त्याच्या काही पट. उलट जस्त लिटरला पाचच मिलिग्रॅम असेल, तर ते जेमतेम ०.१५ मिलिइक्विव्हॅलंट आहे, आणि त्याला कागदावर हजार लिटरमागे १५० ग्रॅम पुरतात. माझे मत यावरूनच बनले आहे: लहान ईटीपीत ही पावडर चुन्याच्या टाकीनंतर, धातूंचा शेवटचा अंश काढायलाच वापरावी. मुख्य काम चुन्याकडेच राहू द्यावे.

कुठे चालत नाही

झिओलाइटची जाळी ऋणभारित असते, म्हणून ती धनभारित आयनच धरते. हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे जास्त विषारी रूप), फॉस्फेट, फ्लोराइड, आर्सेनेट हे ऋणभारित असल्याने तिच्या जवळपासही फिरकत नाहीत. क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातील क्रोमियम आधी पीएच २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइटने कमी विषारी, त्रिसंयुजी रूपात आणून, मग चुन्याने बसवावे लागते. सायनाइडचे पाणी त्याहूनही वेगळे, त्यात ॲसिड कधीही पडू देऊ नये.

दुसरी अडचण आपल्या पट्ट्याची खास आहे. रंग आणि औषध कारखान्यांच्या पाण्यात मीठ फार असते. लिटरला काही हजार मिलिग्रॅम सोडियम असेल, तर जाळीच्या दारात सोडियमचीच गर्दी होते आणि जस्ताला आत जायला जागा मिळत नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही तशीच जागा अडवतात. डिस्टिल्ड पाण्यात फक्त धातूचा क्षार विरघळवून केलेल्या चाचणीचा सुंदर आकडा प्रत्यक्ष पाण्यात निम्म्यावर येतो, तो यामुळेच. म्हणून शेवटची जार टेस्ट प्रत्यक्ष त्या दिवशीच्या सांडपाण्यावरच करावी, आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) जास्त असलेला प्रवाह वेगळा ठेवता आला तर ठेवावा.

पावडर फार बारीक असल्याने ती कॉलममध्ये भरली तर पाणी तुंबते. ढवळणीच्या टाकीत घालून, थोडी तुरटी आणि पॉलिमर देऊन बसवावी आणि फिल्टर प्रेसमध्ये पकडावी, हा सोपा मार्ग. बेंटोनाइटसोबत दाणे करता येतात, पण ते भाजताना पी-१ची रचना बिघडू शकते. म्हणून दाण्यांची क्षमता पुन्हा मोजल्याशिवाय ते वापरू नयेत.

उरलेले कॉस्टिक

एक किलो राखेला या रीतीने ८०० ग्रॅम कॉस्टिक लागते. तयार पावडरची क्षमता शंभर ग्रॅमला १५० मिलिइक्विव्हॅलंट धरली, तर किलोभर पावडरमध्ये जेमतेम ६० ग्रॅम कॉस्टिकइतकेच सोडियम अडकलेले असते. बाकीचे सगळे त्या काढून ठेवलेल्या कॅनमध्ये आणि धुण्याच्या पाण्यात असते. हा कॅन गटारात ओतला तर पारसिकच्या उतारावरून येणारे नाले तो थेट ठाण्याच्या खाडीत पोचवतात. त्याच खाडीत फ्लेमिंगो उतरतात, आणि २०२२ पासून तिचे अभयारण्य रामसर स्थळांच्या यादीत आहे. पाणी स्वच्छ करण्यासाठी केलेल्या वस्तूने खाडी खराब करणे मला तरी मान्य नाही.

कॅनमधले द्रावण पुढच्या घाण्याला वापरावे. दहा मिलिलिटर घेऊन प्रमाणित ॲसिडने टायट्रेट करावे, कॉस्टिक किती उरले ते काढावे आणि कमी पडेल तेवढेच नवे घालावे. त्यात विरघळलेली सिलिकाही असते, ती पुढच्या घाण्याला उपयोगीच पडते. दोन-तीन वेळा हे निर्वेध चालते. पहिल्या दोन धुण्यांचे पाणी पुढच्या घाण्यात ताज्या पाण्याऐवजी घ्यावे. द्रव आणि राख यांचे प्रमाण दहाऐवजी पाचास एक केले, तर कॉस्टिक निम्म्यावर येते आणि माल फारसा उतरत नाही, मात्र ढवळणी चांगली हवी.

शेवटी हे द्रावण बाद करायची वेळ आली की ईटीपीतील ॲसिडचे पाणी उदासीन करायला ते वापरता येते, पण त्याआधी त्यातले आर्सेनिक, सेलेनियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम आणि क्रोमियम तपासून घ्यावेत. राखेतले हे घटक कॉस्टिकमध्ये सहज उतरतात आणि प्रत्येक फेरीत साठत जातात. उदासीन करताना ॲसिड भरपूर ढवळत आणि पातळ करूनच घालावे. एकदा आमच्याकडे हे काम संध्याकाळी घाईत उरकले गेले, आणि सकाळी ड्रमचे झाकण उघडले तेव्हा आत खरवसासारखी थरथरणारी वडी जमली होती. सिलिकाचा जेल झाला होता. तो ड्रममधून काढायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला.

पावडर पाण्यात घालण्याआधी आणि घातल्यानंतर

नवी पावडर सांडपाण्यात घालण्याआधी तिच्यातूनच काही झिरपते का ते बघावे. एक भाग पावडर वीस भाग पाण्यात अठरा तास हलवत ठेवून, गाळून, त्या पाण्यातील वर सांगितलेले आर्सेनिक वगैरे घटक आणि शिसे मोजावे. ही चाचणी नापास झाली तर पावडरची क्षमता कितीही असो, ती वापरू नये. सांडपाणी बाहेर सोडण्यासाठी पृष्ठजलाच्या सर्वसाधारण मानकांनुसार लिटरला शिसे ०.१, हेक्साव्हॅलंट क्रोमियम ०.१, निकेल ३, जस्त ५ आणि अमोनियाकल नायट्रोजन ५० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि पीएच ५.५ ते ९ असावा लागतो. आपल्या कारखान्याच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीपत्रात) किंवा सीईटीपीच्या (सामाईक सांडपाणी केंद्राच्या) अटींत याहून कडक आकडे असतील तर तेच पाळावेत. प्रक्रियेत नवी पावडर आणणे हा ईटीपीतला बदल आहे, म्हणून रोजच्या वापराआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आपल्या कार्यालयाला तो कळवावा.

वापरलेल्या पावडरचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे ठेवावेत. फक्त अमोनियम धरलेली पावडर मिठाच्या कडक द्रावणात ढवळून पुन्हा वापरता येते, पण त्या द्रावणात अमोनियम उतरलेले असते आणि त्याचाही निकाल लावावा लागतो. धातू धरलेल्या पावडरला ही सवलत नाही. ती ईटीपीच्या रासायनिक गाळासोबत घातक कचरा म्हणून, २०१६ च्या नियमांतील ३५.३ या वर्गाखाली नोंदवून, सामाईक विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवी. विटांत, ब्लॉकमध्ये, कुंड्यांत किंवा आवारातल्या भरावात ती कधीही जाऊ नये. पावडर राखेसारखीच दिसते, आणि ‘राखच आहे’ म्हणून कोणीतरी ती राखेच्या ढिगावर टाकण्याची भीती कायम असते. यासाठी वापरलेल्या पावडरचा ड्रम राखेच्या गोण्यांपासून दूर, छपराखाली, कुलपात ठेवावा आणि त्यावर मराठी व हिंदी दोन्ही भाषांत मोठ्या अक्षरांत ‘धातूयुक्त पावडर, राख नव्हे’ असे रंगवून घ्यावे.